गौरीची डावी पावलं

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. रबाळ्याच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे — जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नसतंच. तरी हे लिहितेय... हसायचं तर हसा.

आमचं सानपाडा गावात बैठं घर. सासऱ्यांच्या पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली होती, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर आतून स्टेंट-ग्राफ्ट बसवला. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलेला — वर एक नळी, खाली दोन पायांकडे जाणारे दोन फाटे, अगदी लेंग्यासारखा. बाबा ठणठणीत झाले. रोज खाडीपर्यंत फेरी मारल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही.

गौरी यायचा दिवस. दुपारी दारापासून देव्हाऱ्यापर्यंत मी तांदळाच्या ओल्या पिठाने पावलं काढली. हात धुऊन आले तर नुसती उजवी पावलं. डावी नाहीतच! पुसल्याची खूण नाही, पिठाचा कण नाही. नवरा, संदेश, गौरीसाठी तेरडा आणायला गेलेला. घरात फक्त बाबा आणि मी.

डोकं सणकलं. पुन्हा काढली आणि तिथेच उभी राहिले. फोन वाजला म्हणून क्षणभर मान वळवली... डावी पुन्हा गायब.

तरातरा बाबांच्या खोलीत गेले. "बाबा, पावलांवरून चाललात ना?"

"मी उठलोच नाय गो." ते कॉटवर बसून डावी पोटरी चोळत होते. "सकालपासून जरा मुंग्या येतान. सनाचा दिवस हाय, बोंब कशाला?"

मी पाय हातात घेतला. पांढराफटक, थंडगार. उजवा मात्र ऊबदार. डाव्या अंगठ्याला चिमटा काढला तरी त्यांना कळेना.

तशीच रिक्षा करून वाशीला हॉस्पिटलात नेलं. ग्राफ्टच्या डाव्या फाट्यात रक्ताची गुठळी होऊन तो बंद पडला होता. जांघेतून नळी घालून गुठळी काढली, आत आणखी एक स्टेंट टाकला. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पाय कापावा लागला असता," डॉक्टर म्हणाले. मागून पोचलेला संदेश भिंतीला टेकून रडला. मला काहीच वाटलं नाही... ना आनंद, ना भीती. नखातलं वाळलेलं पीठ काढत बधिर बसून राहिले. अजूनही तशीच आहे म्हणा.

पीठ, फरशी, पंखा — सगळं डोक्यात तपासून झालंय. वारा काय डावं-उजवं ओळखतो?

दुसऱ्या दिवशी आयसीयूत बाबांनी डाव्या पायाची बोटं हलवून दाखवली. मग मला जवळ बोलावलं.

"तू खोलीत यायच्या आदी मी तं पायाचं कोनाला बोललो नवतो. तुला कोनी सांगलं गो?"

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं. "पडून राहा, बाबा."