थाळीवरचा तळहात

बिराजदारबाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी शाळेत एका पालकाशी तावातावानं भांडत होतो. निरोप ऐकला आणि पुढचं भांडण तोंडातच राहिलं. तो बिचारा घाबरून मलाच पाणी द्यायला लागला... बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "बरं झालं की, कुणीतरी तुमचं तोंड बंद केलं!" आता महिना होत आला, पण अजून त्यांचा राग येतो. असं न सांगता जातं होय कुणी?

बाई मूकबधिर मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, मी मतिमंद मुलांच्या शाळेचा. अशा विशेष शाळांच्या प्रमुखांची एक संघटना आहे. तिची सोलापूर शाखा म्हणजे आम्ही चौघं, एक सतरंजी आणि बाईंच्या हातचा चहा. काही वर्षांपूर्वी संघटनेनं शाखांना छोटी अनुदानं द्यायचं ठरवलं. कशासाठी, तर नेतृत्व शिबिरासाठी. मी लगेच सभागृह, पाहुणे, शाल-नारळ असा बेत मांडला. बाईंनी तो जागच्या जागी मोडला. "पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत जाऊ. यंत्रमागांच्या घरात पोर बहिरं असलं तरी आईबापांना कळत नाही. दिवसभर खडखडाट, सगळेच खुणांनी बोलतात. पोर खुणेला वळलं की म्हणतात, ऐकतंय की! आमच्याकडं येईस्तोवर त्याचं बोलायला शिकायचं वय निघून जातं."

"बाई, हे नियमात बसायचं नाही."

"नेतृत्व म्हणजे पुढं चालणं ना? मग चला की पुढं!"

अनुदान द्यायचं की नाही हे ठरवायला पुण्याहून एक साहेब आले. सभा वगैरे राहिली बाजूला, बाईंनी त्यांना थेट एका मागाच्या घरी नेलं. मालक आधीच तापलेला. "एकदाच बंद करतो. पटकन उरका." माग थांबले. ती शांतता अजून माझ्या कानात आहे... साहेब सारखे घड्याळ बघत होते. चार वर्षांची पद्मा जमिनीवर सुताच्या रिकाम्या कांड्या मांडून खेळत होती. बाई तिच्या मागं गेल्या, घरातली पितळी थाळी उचलली आणि पळीनं दाणकन वाजवली. मी दचकलो, साहेब दचकले, पाळण्यातलं बाळ रडायला लागलं. पद्मा खेळतच राहिली.

"तिला सवय हाय आवाजाची," तिची आई म्हणाली. "बोलावलं की येती की."

"मागून बोलवा," बाई म्हणाल्या.

आईनं मागून हाक मारली. मग मोठ्यानं. मग घरच्या तेलुगूत, ओरडून. पद्मानं मान वर केली नाही. आई एकदम भडकली, पोरीला उचलून तिनं कडेवर घेतलं. "माझ्या पोरीला बहिरी म्हणता? निघा हितनं!" मालक माग सुरू करायला बटणाकडं निघाला. साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं की अनुदान सोडाच, शाखाही गेली असं मी धरून चाललो. देवाशपथ सांगतो, त्या वेळी बाईंना हाताला धरून ओढत बाहेर न्यावं असं वाटलं.

बाई हलल्या नाहीत. त्यांनी पद्माचा तळहात धरून थाळीच्या पाठीवर टेकवला आणि पळी हळूच वाजवली. पोरगी थबकली. हाताकडं बघितलं, थाळीकडं बघितलं आणि तिनंच बाईंचा पळीचा हात ओढला. बाईंनी पुन्हा वाजवली. पोरगी खदखदून हसली. आईनं आपलाही हात थाळीवर ठेवला, थरथर हाताला लागली आणि ती रडायला लागली. मालक बटणापाशी तसाच उभा राहिला. शेवटी आईच म्हणाली, "थाळी घेऊन जावा. आन् हिलाबी, तुमच्या शाळंत."

अनुदान मिळालं. शिबिर त्याच गल्ल्यांत झालं, सगळे मुख्याध्यापक धुळीत मांडी घालून बसले. बाई पुढं, आम्ही मागं.

परवा बाईंच्या शाळेतल्या खोलीत गेलो होतो. थाळी खुंटीला होती. मला बघून पद्मा आत आली. आता चांगली उंच झाली आहे. तिनं थाळी काढली, पळी माझ्या हातात दिली, तळहात थाळीवर ठेवला आणि ओठ नीट जुळवून म्हणाली, "बा...ई." मी थाळी वाजवली. तिनं मान हलवली. नाही. जोरात झालं होतं, बाई हळू वाजवायच्या. डोळे पुसून मी पुन्हा वाजवली, अगदी हळू.

पद्मानं हात काढला नाही.