ट्रेमधला डायनासोर

माझ्या मुलीने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी कागदाच्या लगद्याचा लांब मानेचा डायनासोर केला आणि तो जमिनीवर उभा दाखवला. एवढ्यावरून तिच्या विज्ञानाच्या मॅडमनी मला अलीगंजच्या शाळेत बोलावून घेतलं.

"इतना भारी जानवर ज़मीन पर चलेगा कैसे? पानी में रहता था," मॅडम म्हणाल्या. "ऊपर से बहस करती है."

हे मत कधीच मोडीत निघालंय. खोल पाण्यात त्याला श्वासही घेता आला नसता. पाय खांबासारखे सरळ, मणके आतून पोकळ. तो जमिनीवरच चालायचा. जीवाश्म तपासणं हीच माझी नोकरी. डायनासोरच्या दगड झालेल्या शेणात कुठल्या वनस्पतींचे अंश सापडतात, ते मी सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. मुलीला हे मीच शिकवलं होतं. तो पाला न चावता गिळायचा, म्हणून डोकं एवढंसं आणि पोट केवढं!

आणि मी काय म्हणालो? "जी मैडम. बच्ची है, पानी में रख देगी." मुलगी शेजारीच उभी होती.

आपण बाहेरचे, इथे उत्तरेत कुणाशी वाद नको, हे आमच्या मराठी घरांत मुरलेलं. घरमालकापुढे, ऑफिसात, सगळीकडे मी मान डोलावत आलो आणि त्याला सभ्यपणा म्हणत आलो. किळस येते आता.

परतताना स्कूटरवर मागून आवाज आला, "बाबा, आपको तो पता था ना?"

"मार्कांचा प्रश्न असतो, बाळा."

"तो मुझे सिखाया क्यों?"

प्रदर्शनाच्या दिवशी डायनासोर पाण्याच्या ट्रेमध्ये होता. दुपारपर्यंत लगदा भिजला, पाय गळाले आणि तो तोंडावर आपटला. मॅडम पालकांना हसून म्हणाल्या, "देखिए, अपना ही वज़न नहीं झेल पाया!"

सगळे हसले. मुलगी हसली नाही.

"पैर पानी से गले हैं, मैडम!" मी ओरडलोच. "बच्ची ने सही बनाया था. मुझे मालूम था, और मैं चुप रहा."

"भाईसाहब, ज़रा तमीज़ से."

"तमीज़ में ही तो ये हाल हुआ है!"

मुलीने ट्रेमध्ये हात घातला. "अब चिल्लाने से क्या होगा, बाबा? उधर से पकड़िए, गर्दन भी टूट जाएगी."

मी पकडलं. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.