खाली घ्या

मी ताडमाड उंच. भूल द्यायचं शिकत होतो तेव्हा आमचे सर म्हणायचे, "तू आंबे उतरवायला जा, इथे कशाला आलास?" श्वासनळीत रबरी नळी घालायची तर रोग्याचं डोकं आपल्या छातीच्या खालच्या कडेपर्यंत वर यायला हवं. तरच पाठ सरळ राहते आणि आतलं दिसतं. डोंबिवलीत दवाखाना काढला आणि कळलं की इथे रोगी झोळ पडलेल्या बाजेवर भेटतो.

त्या दुपारी एका चाळीत बोलावणं आलं. तिशीतला कारकून, घसा आतून सुजून बंद होत आलेला, ओठ निळे. मुंबईच्या इस्पितळापर्यंत तो पोचणार नव्हता. नळी घालणं एवढंच हातात होतं, आणि त्याचाही फारसा भरवसा नव्हता. बाजेच्या खळग्यात त्याचं डोकं रुतलेलं. मी वाकून पाहिलं, गुडघे टेकून पाहिलं, काही दिसेना. घरात टेबल नव्हतं. जमिनीवर पालथं पडून कोपरं टेकली की हात स्थिर राहतो, हे मला ठाऊक होतं.

"ह्यांना खाली घ्या," मी म्हणालो.

त्याची बायको म्हणाली, "अहो डॉक्टर, खाली नका ना उतरवू त्यांना."

मला वाटलं, फरशी गार म्हणून म्हणतेय. "चटई घाला," मी खेकसलो. शेजाऱ्यांनी त्याला खाली ठेवलं. मी पोटावर आडवा झालो, घशात दिवा धरला आणि वाट दिसली. नळी घ्यायला बॅगेकडे वळलो, तेवढ्यात त्याच्या म्हाताऱ्या आईने तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी त्याच्या तोंडात घातलं. मरणाऱ्यालाच जमिनीवर घेतात. डॉक्टरनेच तसं सांगितल्यावर तिने दुसरं काय समजावं? पाणी श्वासात गेलं. तो एकदा ठसकला. मी नळी घातली, तिच्यातून फुंकत राहिलो. फार वेळ फुंकलं. काही झालं नाही.

त्यानंतर मी कुणालाही खाली घेतलं नाही. बाजेवर वाकून वाकून कंबर कामातून गेली, आणि त्या वाकण्याने वाचले असे फार थोडे.

पुढे एकदा भाजीबाजारात त्या कारकुनाची बायको दिसली. सासूचा हात धरून चालली होती. मला पाहून थांबली.

"डॉक्टर, तुम्ही खाली घ्या म्हणालात, तेव्हाच ते गेले होते ना?"

म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो.