गळका सांधा

आज सोसायटीच्या पार्किंगमध्ये गळणाऱ्या पाइपाला प्लंबरनं गोणपाट गुंडाळलं, आणि त्या ओल्या गोणपाटाच्या वासानं मला थेट नव्वदच्या दशकातल्या आमच्या घणसोली गावात नेऊन सोडलं.

शेजारी वसणाऱ्या शहराच्या नव्या सेक्टरांना पाणी नेणारी मोठी पाइपलाइन आमच्या भाताच्या शेतातूनच गेली होती. गावात मात्र नळ नव्हता. त्या लाइनीचा एक सांधा गळायचा. बायकांनी त्याला गोणपाट बांधलं होतं, म्हणजे पाणी इकडेतिकडे न उडता सरळ हंड्यात पडायचं. आमची अख्खी आळी त्या धारेवर जगत होती.

एके सकाळी पाणीखात्याचे साहेब जीपमधून माणसं घेऊन आले. त्यांनी गोणपाट फाडून फेकलं आणि सांधा पक्का करून टाकला.

"इथे पाणी वाया जात होतं," साहेब म्हणाले. "आता पुढे फुल प्रेशरनं जाईल."

"वाया?" माझी आय उसळली. "मंग आमी कोन हाव?"

साहेब सरळ जीपमध्ये जाऊन बसले. गळती शोधायला यांच्याकडे जीप होती, माणसं होती, आणि गावाला एक नळ द्यायला काहीच नव्हतं! अजूनही आठवलं की टाळकं सटकतं.

जीप गेल्यावर आयनं रिकामा हंडा खाली ठेवला आणि पाइपाला कान लावला. मग मलाही हाताला धरून जवळ ओढलं. आत पाणी धो धो धावत होतं.

"आयक," ती म्हणाली, "आपल्याच शेतातून चाललाय."