अंग भरण्याच्या गोळ्या

नगरच्या माझ्या औषधाच्या दुकानात एक पहिलवान नेहमी येई. दुष्काळात चाऱ्याअभावी त्याला म्हैस घोडेगावच्या बाजारात विकावी लागली आणि खुराकाचे दूध तुटले, तेव्हा अंग भरण्याच्या गोळ्या मीच सुचवल्या. आखाड्याची माती लावावी तशी प्रत्येक गोळी तो आधी कपाळाला लावी.

महिन्याने हसतच आला.

“शेठ, म्हशीवाचून अंग भरलं की! बघा, पोटऱ्या कशा तट्ट झाल्यात.”

मी अंगठ्याने दाबून पाहिले. खळगा तसाच राहिला. ती ताकद नव्हती, सूज होती. ‘बंद कर’ एवढेच म्हणायचे होते. पण गिऱ्हाइके ऐकत होती. मी दुसरी बाटली दिली.

तो माझ्या पाया पडला. वाकताना त्याला लागलेली धापही मी ऐकली.