डॉक्टरांनी विचारलं होतं

धाकटी रात्री दाराला आतून कडी लावत नाही, हे कळल्यापासून आईच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. मुलगी एकतिशीची, कामाच्या जागेजवळ खोली घेऊन एकटी राहणारी. आईनं खडसावून विचारलं तेव्हा तिनं शांतपणे सांगितलं, "अगं, सकाळी पलंगावरून दारापर्यंत पोचायला मला अर्धा तास लागतो. एखाद्या दिवशी उठताच आलं नाही, तर शेजारच्यांनी आत कसं यायचं? दार फोडायचं, मग सुताराला बोलवायचं, आणि तो आठ दिवस उगवायचा नाही." एवढं बोलून ती हसली. आईला हसू आलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी तिचा एका शब्दाचा निरोप येतो, 'उठले'. तो येईपर्यंत आईच्या घशाखाली चहा उतरत नाही.

धाकटी कटर आहे. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापायचं काम तिच्याकडे. लांबलचक टेबलावर कापडाचे चाळीस-चाळीस थर अंथरायचे, वरच्या थरावर खडूनं आखायचं आणि उभ्या पात्याचं मशीन दोन्ही हातांनी धरून त्या रेघेवरून न्यायचं. रेघ चुकली तर एक सदरा नाही, चाळीस सदरे वाया. तिची चुकत नाही. म्हणून तिथे सगळे तिला 'मास्तर' म्हणतात, वयानं दुप्पट असलेला इस्त्रीवालासुद्धा. एकदा घेतलेलं माप ती विसरत नाही. चार वर्षांनी आलेल्या एका गिऱ्हाइकाला तिनं म्हटलं होतं, "काका, मागच्या खेपेला कंबर छत्तीस होती. आता विचारू की राहू दे?"

लोकांच्या कमरा मापणाऱ्या या पोरीची स्वतःची कंबर चोविसाव्या वर्षी दुखायला लागली. पुढच्या वर्षी आई तिला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर नावाजलेले. बाहेर बाकावर जागा मिळेना, एवढी गर्दी. "वाकून काम करता, स्नायू ताणलेत," ते म्हणाले. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, विश्रांती सांगितली. तिनं विश्रांती घेतली आणि जितकी घेतली तितकी ती आखडत गेली. चार वर्षांत अकरा खेपा झाल्या. शेवटी शेवटी डॉक्टर तिच्याकडे न बघताच म्हणायचे, "मन कशात तरी रमवा." घरात थोरला भाऊ चिडवायचा, "आमच्या मास्तरांना आराम सांगितलाय. नशीब काढलंन!" आई त्याला दटावायची, पण मनातून तिलाही वाटायचं, की पोरगी जरा हळवीच आहे.

मग एकदा मशीन ओढताना मनगट लचकलं. मनगटाला व्यायाम द्यायला आलेल्या मुलीनं धाकटीला खुर्चीतून उठताना पाहिलं आणि विचारलं, "ताई, कंबर सकाळी जास्त दुखते की काम करून दमल्यावर?"

"सकाळी. चार वाजताच दुखण्यानं जाग येते. कामाला लागले की सैल होते."

त्या मुलीनं हातातलं मनगट सोडलं आणि तिला संधिवाताच्या डॉक्टरांची चिठ्ठी लिहून दिली. रक्त तपासलं, कमरेचे फोटो काढले, पंधरा दिवसांत सगळं कळलं. स्नायूंचं दुखणं नव्हतंच ते. मणक्याला सूज आणणारा संधिवात होता. विश्रांतीनं वाढणारा, हालचालीनं हलका होणारा. औषध होतं, वेळेवर मिळतं तर बरंच काही वाचलं असतं. आता खालचे सांधे एकमेकांना चिकटले होते. ते काही सुटायचे नव्हते. कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिच्यासाठी टेबलाच्या पायांखाली विटा लावून दिल्या. वाकायला नको म्हणून.

जवळजवळ पावणेदोन वर्षं धाकटी कोर्टाचं नाव काढू देत नव्हती. मग औषधाचा खर्च आणि कमी झालेले कामाचे तास यांचा मेळ बसेना, तेव्हा ती स्वतःच एका वकीलबाईंकडे गेली. सोबत आई होतीच.

वकीलबाईंनी आधी पाणी दिलं आणि मग आशेला कात्री लावली. "निदान चुकलं एवढ्यानं डॉक्टर दोषी ठरत नाही. चूक कुणाचीही होते. त्यांच्या जागी दुसरा काळजीनं काम करणारा डॉक्टर असता, तर त्यानं काय केलं असतं, हे सिद्ध करायचं. आणि ते मी बोलून चालत नाही, दुसऱ्या डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं." मग त्यांनी वाटा सांगितल्या. डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार करता येते. तिथे डॉक्टरांना समज मिळते, फार तर परवाना थांबतो, पण तुमच्या हातात काही पडत नाही. भरपाई हवी तर दावा. दाव्याला दोन वर्षांची मुदत, खरं दुखणं कळलं त्या दिवसापासून. आधी नोटीस पाठवून तडजोड होते का ते बघता आलं असतं, पण तेवढा वेळ आता उरला नव्हता.

"एक महत्त्वाचं," त्या धाकटीला म्हणाल्या. "सकाळी दुखतं का, हा साधा प्रश्न. तो डॉक्टरांनी कधी विचारला होता?"

धाकटीनं टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "नाही."

"अकरा खेपांत एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग आपला दावा यावरच उभा राहील," वकीलबाई म्हणाल्या. संधिवाताच्या डॉक्टरांनी मत लिहून दिलं. धाकटीचं शपथपत्र तयार झालं. त्यात चौथ्या परिच्छेदात ते वाक्य होतं. आज चार वाजता सही, उद्या दावा दाखल, परवा मुदत संपणार. राहिली होती फक्त रुग्णालयाची फाइल. तीन स्मरणपत्रं धाडल्यावर ती आज सकाळी आईच्या पत्त्यावर आली. तारखेनुसार लावून चारला घेऊन यायचं काम आईकडे होतं.

जेवणं आटोपल्यावर आईनं टेबल पुसलं, चष्मा लावला आणि पानं मांडायला घेतली. एकशे बारा पानं, प्रत्येकावर खाली आकड्याचा शिक्का. नोंदणीचे अर्ज, पावत्या. नवव्या पानावर पहिल्या खेपेची नोंद होती, डॉक्टरांच्या अक्षरात. दोनच ओळी.

'सकाळी दुखते का, असे विचारले. आईचे उत्तर: सकाळचे काही नाही, कामाचे नाव काढले की दुखते, लहानपणापासूनच किरकिरी.'

आईनं ते तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचताना तिला ती खोली दिसली. हिरवट पडदा, वजनकाटा. डॉक्टरांनी प्रश्न धाकटीला विचारला होता. धाकटीनं तोंड उघडलं होतं आणि आई बोलून गेली होती. नेहमीसारखीच. मुलं लहान असल्यापासून तीच उत्तरं द्यायची. चपलांच्या दुकानात दुकानदार विचारायचा, "चावते का गं?" आणि आई सांगायची, "नाही, होईल सैल." डॉक्टर हसले होते. आईही हसली होती. धाकटी तेव्हा पंचविशीची होती. तिनं तोंड मिटलं.

बाबा पेपर घेऊन आत आले. "काय गं, तोंड का असं उतरलंय?"

आईनं पान पुढे सरकवलं. त्यांनी उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

"हे काढून ठेव," ते म्हणाले.

"अहो!"

"एवढ्या ढिगातलं एक पान. प्रती काढणाऱ्याकडून सुटलं म्हणायचं."

"खाली आकडे आहेत. आठनंतर दहा कसं येईल?"

"वकीलबाई काय आकडे मोजत बसणार आहेत?"

"त्या नाही बसणार. समोरचा वकील बसेल. मूळ फाइल त्यांच्याच कपाटात आहे." आईनं पानावर बोट ठेवलं. "आणि पोरगी तिथे शपथेवर सांगणार, की विचारलंच नाही. मग ते हे पान काढून दाखवतील. चिकटलेले सांधे, अकरा खेपांत एकही तपासणी नाही, सगळं राहील बाजूला. ही खोटं बोलते, एवढंच उरेल."

"विसरली असेल ती. सहा वर्षं झाली."

"ती आणि विसरेल?" आई म्हणाली. छत्तीसची कंबर लक्षात ठेवणारी मुलगी.

बाबांनी चष्मा काढला. "म्हणजे तुला वाचवायला ती 'नाही' म्हणाली."

"हो."

"मीही तुझ्यासाठीच म्हणत होतो."

"कळतंय मला. दोघांनी मिळून मला वाचवाल आणि तिला बुडवाल."

बाबा उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. "मग असं कर. चारला जातेच आहेस. तिथेच सांग. वकीलबाई बघतील काय करायचं ते."

आईनं यावर विचार केला. खरंच सोपं होतं ते. फाइल पुढे ठेवायची, पानावर बोट ठेवायचं, मान खाली घालायची. पण त्या खोलीत धाकटीही असेल. वकीलबाई आधी पान वाचतील, मग मान वर करून तिच्याकडे बघतील. आईच्या चुकीचा हिशेब पुढे कधीतरी होईल, पण त्या क्षणी खोटी पडेल ती मुलगीच.

"नाही," ती म्हणाली. "तिला आधी कळलं पाहिजे. तिथे पाऊल ठेवल्यावर तिनं स्वतःहून म्हणावं, की चौथा परिच्छेद बदलायचाय. तेवढी संधी तरी तिला हवी."

"आणि मग दावा? टिकेल?"

"मला काय माहीत? विचारलं होतं पंचविशीच्या मुलीला, लिहून घेतलं आईचं. पुढे दहा वेळा ती गेली, तेव्हा मी नव्हते सोबत. तेव्हा विचारायला त्यांना कुणी अडवलं होतं?" बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा आपलीच बाजू मांडतोय. ती थांबली. "ते वकीलबाईंना ठरवू दे. मी फक्त सांगायचं, की होय, हे मीच बोलले. लागलं तर तेही शपथेवर."

"तिला राग येईल."

"यायलाच हवा होता. सहा वर्षं आला नाही, हेच वाईट."

घड्याळात दोन पन्नास झाले होते. कारखान्यात मशीन चालू असताना फोन ऐकू येत नाही; तीनला दहा मिनिटांची सुट्टी होते, तेव्हाच काय ते बोलणं. साडेतीनला ती निघेल, वाटेत बसमध्ये फोन उचलत नाही. म्हणजे तीन ते तीन-दहा. आईनं नववं पान ढिगात जागेवर ठेवलं. काय बोलायचं ते तिनं मनात जुळवून पाहिलं. 'अगं, तुला आठवतं का' अशी सुरुवात सुचली आणि लगेच तिला स्वतःचीच शिसारी आली. तिला आठवतं. सुरुवात अशी नको. सरळ सांगायचं, नववं पान मी वाचलंय. माझ्यासाठी सही करू नकोस.

"मी आत जाऊ का?" बाबांनी विचारलं.

"बसा. काही बोलू नका, पण बसा."

तीन वाजले. आईनं आणखी अर्धं मिनिट जाऊ दिलं, पात्याचं मशीन थांबून हात मोकळे व्हायला तेवढं तरी लागतं. मग तिनं धाकटीचा नंबर लावला.