पितळी टिचबटणांची पिशवी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवाला तर नाहीच — त्याला ठाऊक असेल तर असो. आणि आज तुम्हाला सांगते आहे म्हणून लगेच चेहरा मऊ करू नका. मला ते नको आहे.

पंच्याहत्तरच्या आसपास मी नागपूरच्या एका कॉलेजात होते, प्राणिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर. आमच्या सरांना, म्हणजे विभागप्रमुखांना, खाऱ्या पाण्याच्या टाकीचं वेड लागलं होतं. नागपूरला, बाप्पा! जिथल्या निम्म्या पोरांनी समुद्र फक्त नकाशात पाहिलेला. मुंबईहून आगगाडीनं कॅनमधून पाणी आलं, केशरी पट्ट्यांचे मासे आले, एक समुद्रफूल आलं — नावाला फूल, असतो प्राणीच. सावनेरकडून येणारी मुलं टाकीला नाक लावून उभी राहायची.

हे पाणी कोळशाच्या पिशवीतून सतत गाळावं लागे, आणि पिशवी काही टिकेना. मलमलीची दोन आठवड्यांत कुजली. मांजरपाटाची एवढी जाड की पाणीच आत शिरेना. तिसरीची शिवण उसवली आणि टाकी काळीभोर! प्राध्यापक मंडळी — सगळे पुरुष — चर्चा करत बसली, आणि मी घरी जाऊन माझी नायलॉनची साडी फाडली. हो, चांगली साडी. दुहेरी शिवण घातली, कडा मेणबत्तीवर धरून वितळवल्या. तीन महिने झाले तरी धागा हलला नाही. सगळे तिला ‘बाईंची पिशवी’ म्हणायला लागले. त्या अख्ख्या इमारतीत माझ्या नावाची तेवढी एकच वस्तू होती. मी मिरवले — का मिरवू नये?

टाकी सांभाळायचा सदाशिव. कुहीचा, आमच्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर, आणि दोन महिन्यांत कायम होणार होता. त्याचं म्हणणं एकच — नाड्याची गाठ ओली झाली की सुटत नाही. म्हणून पुढच्या दोन पिशव्यांना मी नाडा काढून पितळी टिचबटणं लावली. आता ऐका. खाऱ्या पाण्यात धातू घालायचा नाही, तांबं-पितळ तर मुळीच नाही, त्याचं विष पाण्यात उतरतं, हे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी वहीत लिहूनही घेतलं होतं. मग काहून लावली? सदाशिवच्या सोयीसाठी म्हणू? छे! बटणांनी पिशवी दुकानातून आणल्यासारखी दिसत होती, म्हणून लावली. एवढीशी बटणं काय करणार, असं वाटलं.

आठ दिवसांत समुद्रफूल आक्रसलं. मग एकेक मासा आडवा झाला. शेवटचा मेला त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचले आणि पिशवी बाहेर काढली. बटणं हिरवी पडली होती. घाबरले? नाही. शांतपणे कात्रीनं बटणं कापली, नाडा ओवला आणि पिशवी होती तिथं ठेवली.

सरांना कुणीतरी दोषी हवाच होता. एकजण म्हणाला, सदाशिवनं नळाचं औषध मारलेलं पाणी ओतलं असेल. मग सगळेच म्हणाले. तो नाही म्हणाला, दोनदा म्हणाला. सरांनी माझ्याकडे वळून विचारलं — बाई, तुम्ही काही पाहिलंत का? मी म्हटलं, “नाही.” पाणी ओतताना मी त्याला पाहिलं नव्हतंच ना! म्हणजे खोटं नव्हतं — आणि म्हणूनच ते जास्त नीच होतं.

त्याला काढलं. जाताना तो माझ्या टेबलापाशी आला.

“मलेच आठवून नाही राहिलं आता, बाई. टाकलं असन मीच घाईत.”

मग त्यानं उरलेली नवी पिशवी मागितली, घरी कामाला येईल म्हणून. बटणांची पिशवी! मी दिली. पुरावा दाराबाहेर चालला म्हणून खुशीनं दिली.

टाकी पुन्हा भरली. पिशव्या माझ्याच, नाड्याच्या. पुढे मला बढती मिळाली आणि मी ती घेतली. झोप उडाली वगैरे काही नाही हं, छान लागायची. रडणारी बाई हवी असेल तर दुसरं घर पाहा.

दहा वर्षांनी सदाशिव माझं सक्करदऱ्याचं घर शोधत आला. केस पांढरे झाले होते. दुसऱ्यांच्या बांधीत धान कापून राहिलो म्हणाला. नवा तांदूळ आणला होता — त्याच पिशवीत.

“सारे मले बोलले, बाई. तुमी एक शब्द नाही बोलल्या. थे ध्यानात हाये माया. अन् थैली पाहा, धागा नाही निघाला!”

माझ्यासमोर त्यानं टचटच बटणं उघडली. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी तांदूळ डब्यात ओतून घेतला, पिशवी झटकून त्याच्या हातात परत दिली, चहा पाजला.

संध्याकाळी त्याचाच भात टाकला. नव्या तांदळाचा होतो तसा गिचका झाला. मी दोनदा वाढून घेतला.